धुण्याचा सोडा आणि दोन कायदे

स्पर्धा कायदा शिकवायला घेतला की पहिल्या तासाला मी टेबलावर धुण्याच्या सोड्याची पुडी ठेवतो. कुठल्याही किराणा दुकानात मिळते तीच. पांढरी, खरखरीत, चिमूट घेतली तर बोटं कोरडी पडतात अशी. मग विचारतो, याची किंमत कोण ठरवतं? दुकानदार, असं एक जण म्हणतो. कारखानदार, असं दुसरा. कर लावणारं सरकार, असं तिसरा. तिन्ही उत्तरांत तथ्य असतं. चौथं उत्तर मात्र क्वचितच येतं : दूरच्या देशातल्या चार-सहा कंपन्या एकत्र येऊन, एकाच दारातून माल विकून ती ठरवू शकतात, आणि त्यांच्या देशाचा कायदा त्यांना तशी मोकळीकही देतो. हे पुस्तक त्या चौथ्या उत्तरासाठी लिहिलं आहे.

विषयाचं नाव अवजड आहे : मक्तेदारीविरोधी कायदा आणि आंतरराष्ट्रीय व्यापाराचं नियमन. गाभा मात्र आपल्या ओळखीचा आहे. 'ठेकेदारांनी रिंग केली' असं कोणी म्हणालं तर त्याचा अर्थ महाराष्ट्रात कुणाला समजावून सांगावा लागत नाही. पाच जणांनी निविदा भरल्या, पण काम कोणाला जायचं आणि कोणत्या दराने, हे आधीच ठरलं होतं. कागदावर स्पर्धा, प्रत्यक्षात वाटणी. कायदा यालाच कार्टेल म्हणतो. अशी रिंग मोडणं हे स्पर्धा कायद्याचं काम. परदेशातून माल कोणत्या अटीवर आणि किती शुल्क भरून आत यावा, हे पाहणं व्यापार कायद्याचं काम. दोन्ही कायदे बाजाराचेच. पण ते वेगवेगळ्या घरांत वाढले, वेगवेगळ्या मंत्रालयांकडे गेले आणि एकमेकांशी फारसे बोलले नाहीत. रिंग जेव्हा सीमेपलीकडे होते आणि माल सीमेअलीकडे येतो, तेव्हा या अबोल्याची किंमत मोजावी लागते. ती बहुतेक वेळा माल घेणाऱ्याला मोजावी लागते, हे माझं या पुस्तकातलं मुख्य म्हणणं आहे.

सोड्याचंच उदाहरण का, ते सांगतो. धुण्याच्या सोड्यातलं पाणी काढून टाकलं की उरतो तो सोडा ॲश. डिटर्जंटला तो लागतो, आणि त्याहून जास्त काचेला. नुसती वाळू वितळवायची तर भट्टी सुमारे १७०० अंशांपर्यंत तापवावी लागते. सोडा ॲश मिसळला की वाळू बऱ्याच कमी तापमानाला वितळू लागते. खिडकीची काच, औषधाची बाटली, लोणच्याची बरणी, सगळ्यांत हा सोडा आहे. स्वदेशीच्या चळवळीत १९०८ साली तळेगाव दाभाड्याला पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला, पुढे कऱ्हाडजवळ ओगल्यांनी प्रभाकर कंदिलाच्या काचा ओतल्या, तेव्हा देशात सोडा ॲशचा मोठा कारखाना नव्हता. काचधंद्याला लागणारा चांगला सोडा मुख्यतः इंग्लंडहून येई. कारखाना स्वदेशी होता, पण त्याच्या भट्टीची एक किल्ली परक्याच्या हातात होती.

ती किल्ली कशी फिरवली जात होती, हे पुढे अमेरिकेतल्या एका खटल्यात उघड झालं. १९२० ते १९४० च्या दशकांत ब्रिटनची इंपीरियल केमिकल इंडस्ट्रीज, बेल्जियमची सॉल्व्हे आणि अमेरिकन अल्कली (म्हणजे सोडा ॲशसारख्या क्षारांच्या) उत्पादकांचा निर्यात संघ यांनी जगाची बाजारपेठ आपसांत वाटून घेतली होती. ब्रिटिश साम्राज्याचा बहुतेक भाग ब्रिटिश कंपनीच्या वाट्याला होता, आणि आपण त्या साम्राज्यात होतो. अमेरिकन सरकारने १९४४ मध्ये या संघाविरुद्ध दावा दाखल केला आणि १९४९ मध्ये न्यायालयाने ही वाटणी बेकायदा ठरवली.

इथे वाचकाला प्रश्न पडेल. मक्तेदारीविरोधी कायद्याचं माहेर अमेरिका. सिनेटर जॉन शर्मन यांच्या नावाचा कायदा तिथे १८९० पासून होता. मग निर्यातदारांचा असा संघ मुळात उभा कसा राहिला? याचं उत्तर १९१८ च्या वेब-पॉमरिन कायद्यात आहे. युरोपातल्या कार्टेलांपुढे आमचे छोटे निर्यातदार एकेकटे टिकत नाहीत, तेव्हा परदेशी विक्रीपुरतं त्यांना एकत्र येऊ द्या, असा युक्तिवाद झाला आणि अमेरिकन काँग्रेसने तो मान्य केला. देशातल्या ग्राहकाला झळ पोहोचता कामा नये, एवढी अट घातली. परदेशातल्या ग्राहकाचा विचार त्या अटीत नव्हता. १९४९ च्या निकालाने परदेशी कार्टेलांशी हातमिळवणी करायला मनाई केली. देशातल्या देशात निर्यात संघ करण्याची सवलत मात्र कायम राहिली. घरात जो गुन्हा, तो उंबऱ्याबाहेर गेला की सवलत होतो. जगातल्या बहुतेक देशांच्या स्पर्धा कायद्यांत ही भूमिका या ना त्या रूपात आहे, आणि या विषयातली खरी गाठ तिथेच आहे.

आता १९९६ कडे येऊ, कारण या गाठीत भारत थेट तेव्हा सापडला. अमेरिकेच्या वायोमिंग राज्यात ग्रीन रिव्हरच्या परिसरात जमिनीखाली ट्रोना नावाच्या खनिजाचे प्रचंड थर आहेत. ट्रोना खणायचा, दळायचा, भाजायचा, शुद्ध करायचा, की सोडा ॲश तयार. आपल्याकडे सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर मीठ आणि चुनखडी यांच्यापासून अमोनियाच्या साहाय्याने तो बनवावा लागतो. त्याला जास्त इंधन आणि जास्त खर्च लागतो. १९३९ मध्ये मिठापूरला टाटा केमिकल्स सुरू झाली, पुढे इतर कारखाने आले, आणि चढ्या आयातशुल्काच्या आडोशाला हा धंदा वाढला. १९९१ नंतर शुल्कं उतरू लागली. अमेरिकन उत्पादकांनी वेब-पॉमरिन कायद्याखाली 'अमेरिकन नॅचरल सोडा ॲश कॉर्पोरेशन', म्हणजे ॲन्सॅक, हा निर्यात संघ आधीच केला होता. सदस्यांचा निर्यातीचा माल या एका संघामार्फत जाई. ॲन्सॅकने भारताकडे माल पाठवायचं ठरवलं, तेव्हा भारतीय अल्कली उत्पादकांच्या संघटनेने तेव्हाच्या मक्तेदारीविरोधी कायद्याखालच्या, म्हणजे एमआरटीपी, आयोगाकडे धाव घेतली : हे कार्टेल आहे, याला अडवा. आयोगाने मनाई हुकूम दिला.

या तक्रारीकडे जरा थांबून पाहिलं पाहिजे. कार्टेलविरुद्धची नेहमीची तक्रार ग्राहकाची असते आणि ती महागाईची असते. इथे तक्रार करणारे होते उत्पादक, आणि त्यांना भीती होती स्वस्ताईची. काचवाल्यांना आणि डिटर्जंटवाल्यांना स्वस्त सोडा हवाच होता. मग खरं नुकसान कोणाचं? आज स्वस्त विकून उद्या इथले कारखाने बंद पाडायचे आणि परवा भाव चढवायचा, असा बेत असेल तर नुकसान सगळ्यांचं. तसा बेत नसेल, खाणीतला माल मुळातच स्वस्त असेल, तर मनाई हुकुमाने नुकसान झालं ते काचवाल्याचं आणि शेवटी बाटली विकत घेणाऱ्याचं. यांतलं काय खरं, हे ठरवायला किंमत किती आहे एवढं पाहून भागत नाही. ती कशी तयार झाली हे पाहावं लागतं.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. इंडोनेशियातून येणाऱ्या फ्लोट काचेविरुद्धची अशीच एक तक्रारही सोबत होती. जुलै २००२ मध्ये 'हरिदास एक्स्पोर्ट्स' या नावाने ओळखला जाणारा निकाल लागला आणि मनाई हुकूम रद्द झाले. न्यायालयाच्या म्हणण्याचा सारांश असा : परदेशात झालेल्या कराराला हात घालण्याचा किंवा आयातच थांबवण्याचा अधिकार एमआरटीपी कायद्याने आयोगाला दिलेला नाही; भारतात प्रत्यक्ष स्पर्धेला बाधा आली तर तेवढ्यापुरता आयोग लक्ष घालू शकेल; आणि माल अवाजवी स्वस्तात येत असेल तर त्यावरचा उपाय डंपिंगविरोधी शुल्काच्या कायद्यात आहे. १९६९ चा हा एमआरटीपी कायदा जसा होता तसा वाचला तर हा निकाल मला योग्य वाटतो. न्यायालयाने कायद्यातली फट दाखवली. ती बुजवणं संसदेचं काम होतं.

विद्यार्थ्यांना मी या निकालापाशी दोन प्रश्न वहीत लिहून घ्यायला सांगतो. डंपिंगविरोधी कायदा विचारतो : हा माल निर्यातदाराच्या देशातल्या भावापेक्षा कमी भावाने इथे विकला जातोय का, आणि त्यामुळे इथल्या उद्योगाला इजा होतेय का? स्पर्धा कायदा विचारतो : हा भाव कंपन्यांनी आपापला ठरवला की मिळून ठरवला, आणि त्यातून बाजार मोडतोय का? एकाच जहाजातल्या एकाच मालाला हे दोन प्रश्न विचारले तर उत्तरं उलट येऊ शकतात. पहिला प्रश्न वाणिज्य मंत्रालयाच्या अखत्यारीतलं व्यापार उपाययोजना महासंचालनालय विचारतं. दुसरा कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या अखत्यारीतला स्पर्धा आयोग विचारतो. सोडा ॲशवर २०१२ मध्ये चीन, अमेरिका, युरोपीय संघ, केनिया, पाकिस्तान अशा देशांविरुद्ध डंपिंगविरोधी शुल्क लागलं. २०२४ च्या अखेरीस टनामागे २०,१०८ रुपयांची किमान आयात किंमतही ठरवण्यात आली. या निर्णयांमागे उत्पादकांची बाजू असते आणि ती खोटी नसते. कारखाना बंद पडला की गाव बसतं, हे मिठापूरला जाऊन कुणालाही कळेल. पण आयातीला भिंत घातल्यावर भिंतीच्या आतल्या मोजक्या उत्पादकांमध्ये स्पर्धा उरते का, हा प्रश्न त्याच फाइलवर, त्याच वेळी विचारला गेला पाहिजे.

या गोष्टीचं आणखी एक पान आहे. २००८ मध्ये टाटा केमिकल्सने अमेरिकेतली जनरल केमिकल इंडस्ट्रियल प्रॉडक्ट्स ही कंपनी विकत घेतली. ती ग्रीन रिव्हरच्या खाणींमधून सोडा काढणारी आणि ॲन्सॅकची सदस्य होती. म्हणजे १९९६ मध्ये ज्या संघाला अडवा म्हणून भारतीय उद्योग आयोगापुढे उभा होता, त्याच संघात बारा वर्षांनी एका भारतीय उद्योगसमूहाला जागा मिळाली. यात बेकायदा काहीच नाही. धंद्याच्या दृष्टीने निर्णय शहाणपणाचा होता. मी हे एवढ्यासाठीच सांगतो की 'आपले' आणि 'परके' या शब्दांवर या विषयात फार भिस्त ठेवता येत नाही. कंपन्या सीमा ओलांडतात, भांडवल ओलांडतं. माल घेणारा मात्र जिथल्या तिथे राहतो, आणि कायद्याने ज्याच्याकडे पाहायचं तो हाच.

हे फक्त सोड्याचं नाही. ऊस, केळी, द्राक्षं, डाळिंब यांना पोटॅश लागतं. कृषी सेवा केंद्रात लालसर दाण्यांची पन्नास किलोची गोणी मिळते, तिच्यातला कण न् कण परदेशातून आलेला असतो, कारण पोटॅशच्या बाबतीत भारत आयातीवरच अवलंबून आहे. जगात पोटॅशच्या खाणी मोजक्या देशांत आहेत आणि बराच काळ त्यांची निर्यात दोन मोठ्या विक्री कंपन्यांमार्फत होत होती : कॅनडाच्या उत्पादकांची कॅनपोटेक्स, आणि रशियाची उरालकाली व बेलारूसची बेलारूसकाली यांची संयुक्त बीपीसी. जुलै २०१३ मध्ये उरालकाली बीपीसीतून बाहेर पडली. २०१३ च्या सुरुवातीला भारताने टनाला ४२७ डॉलरने करार केला होता; २०१४ चा करार ३२२ डॉलरने झाला. खाणी त्याच, जहाजं तीच. मागणी आणि साठे यांचाही भावावर परिणाम होतो हे मान्य करूनही, विकणारे एका टेबलावरून उठले की काय होतं हे त्या वर्षी उघड दिसलं. अमेरिकेतल्या खरेदीदारांनी पोटॅश कंपन्यांविरुद्ध दावा लावला होता; २०१२ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने तो चालू द्यायला परवानगी दिली आणि पुढे कंपन्यांनी कोट्यवधी डॉलर देऊन तडजोड केली. आपल्याकडे १ एप्रिल २०१० पासून पोषकद्रव्यावर आधारित अनुदान आहे. जागतिक भाव चढला की त्याचा भार कधी तिजोरीवर पडतो, कधी शेतकऱ्यावर. दावा लावायला कोणी जात नाही, आणि कुठे जायचं हेही शेतकऱ्याला कोणी सांगितलेलं नसतं.

परदेशी न्यायालयात जावं म्हटलं तर तो रस्ताही अरुंद आहे. १९९० च्या दशकात जीवनसत्त्वं बनवणाऱ्या कंपन्यांनी जगभराचं कार्टेल चालवलं. १९९९ मध्ये हॉफमन-ला रोश या कंपनीने अमेरिकेत ५० कोटी डॉलर दंड भरला, २००१ मध्ये युरोपीय आयोगाने या कंपन्यांना ८५ कोटी युरोंहून जास्त दंड ठोठावला. एक्वाडोर, पनामा, ऑस्ट्रेलिया, युक्रेन इथल्या खरेदीदारांनी अमेरिकेत भरपाई मागितली, तेव्हा २००४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एम्पाग्रान खटल्यात सांगितलं की, परदेशात स्वतंत्रपणे झालेलं नुकसान आमच्या कायद्यात बसत नाही. ज्या देशाचा स्पर्धा कायदा झोपलेला, त्याच्या ग्राहकाला दुसऱ्याच्या दारात न्याय मिळत नाही.

दोन्ही कायदे एकत्र आणायचे प्रयत्न झाले नाहीत असं नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर आंतरराष्ट्रीय व्यापार संघटनेची सनद १९४८ मध्ये हवाना इथे मान्य झाली. तिचं पाचवं प्रकरण खास कंपन्यांनी घातलेल्या खासगी निर्बंधांवर होतं, कारण सरकारांनी जकाती उतरवल्या तरी कंपन्या कार्टेलांच्या भिंती उभारतील, हा युद्धापूर्वीचा अनुभव ताजा होता. अमेरिकेने ती सनद मंजूर केली नाही. जकातींचा गॅट करार तेवढा उरला. १९९६ मध्ये जागतिक व्यापार संघटनेच्या सिंगापूर परिषदेत हा विषय पुन्हा आला, कार्यगट नेमला गेला. २००३ मध्ये कानकुनची परिषद फिसकटली आणि २००४ मध्ये तो अजेंड्यावरून उतरवला गेला. त्याला विरोध करणाऱ्या देशांत भारत आघाडीवर होता. स्पर्धेच्या नावाखाली आपले बाजार मोठ्या कंपन्यांना उघडून द्यावे लागतील, ही आपली भीती होती, आणि तिला आधार होता. पण त्या नकाराबरोबर निर्यात कार्टेलांना जागतिक मंचावर जाब विचारण्याची संधीही गेली. तो तोटा आपण नीट मोजला नाही, असं माझं मत आहे.

घरच्या कायद्यात मात्र आपण पुढे आलो. राघवन समितीच्या अहवालानंतर स्पर्धा अधिनियम, २००२ झाला; त्याची मुख्य कलमं मे २००९ मध्ये लागू झाली आणि त्याच वर्षी एमआरटीपी कायदा गेला. हरिदास निकालाने दाखवलेली फट नव्या कायद्याच्या कलम ३२ ने बुजवली : करार परदेशात झाला असला, करणारे परदेशात असले, तरी भारतातल्या स्पर्धेवर परिणाम होत असेल तर आयोग चौकशी करू शकतो. हा अधिकार कागदावरच राहिलेला नाही. मोटारी वाहून नेणाऱ्या चार जपानी जहाज कंपन्यांविरुद्ध आयोगाने जानेवारी २०२२ मध्ये निकाल दिला. या कंपन्यांचा आपसांत 'रिस्पेक्ट रूल' होता : जो गाडी-उत्पादक ज्याचा ग्राहक आहे, त्याच्याकडे दुसऱ्याने कमी दर घेऊन जायचं नाही. जगाच्या दुसऱ्या टोकाला, मोठ्या कंपन्यांच्या कार्यालयांत, शब्दाला शब्द जुळणारी तीच आपली रिंग. सर्वांत आधी कबुली देऊन पुरावे आणून देणाऱ्या कंपनीचा दंड पूर्ण माफ झाला, इतरांना तो कमी-अधिक भरावा लागला. अशी कबुली हेच कार्टेल फोडण्याचं सर्वांत धारदार हत्यार आहे, म्हणून त्यावर पुस्तकात स्वतंत्र प्रकरण आहे.

आणि तरीही आपल्याच कायद्याच्या कलम ३(५) मध्ये, केवळ निर्यातीसाठी केलेल्या करारांना सूट आहे. वेब-पॉमरिनची ती जुनी भूमिका आपणही स्वीकारली आहे. दुसऱ्यांच्या निर्यात कार्टेलांविरुद्ध बोलायचं तर आधी आपल्या घरातली ही सूट काढायची तयारी हवी. निदान जे देश त्यांची सूट काढतील त्यांच्यापुरती आपण काढू, एवढं तरी म्हणता यावं. दक्षिण आफ्रिकेने ॲन्सॅकविरुद्धचं प्रकरण नेटाने लढवून २००८ मध्ये दंडासह तडजोड करायला लावली. आपल्यापेक्षा कितीतरी लहान बाजारपेठेला हे जमलं, तर भारतासारख्या मोठ्या खरेदीदाराला जमणार नाही असं मी मानत नाही.

पुस्तकाचे चार भाग आहेत. पहिल्यात दोन्ही कायद्यांचा इतिहास, दुसऱ्यात कार्टेल, वर्चस्वाचा गैरवापर आणि कंपन्यांचं विलीनीकरण, तिसऱ्यात डंपिंग, अनुदानं आणि किमान आयात किंमत, आणि चौथ्यात सीमेपलीकडच्या करारांवरचा अधिकार. कायद्याच्या विद्यार्थ्यांना ते उपयोगी पडावं अशी इच्छा आहेच. पण लिहिताना माझ्यासमोर आणखी तिघं होते : औद्योगिक वसाहतीत काचेच्या बाटल्या घेणारा छोटा औषध उत्पादक, खतांची घाऊक खरेदी करणारी सहकारी संस्था, आणि आयातशुल्काच्या बातमीवर मत बनवू पाहणारा वृत्तपत्रांचा वाचक. त्यांच्यासाठी भाषा शक्य तितकी रोजची ठेवली आहे.

या तिघांना एकच विनंती. स्पर्धा कायद्याच्या कलम १९ खाली कोणीही व्यक्ती, ग्राहक किंवा त्यांची संघटना आयोगाकडे माहिती दाखल करू शकते. त्यासाठी कंपनी असावं लागत नाही, मोठं असावं लागत नाही. ज्या मालाचे सगळे विक्रेते एकाच आठवड्यात एकाच आकड्यावर येतात, त्या मालाची बिलं, दरपत्रकं आणि तारखा जपून ठेवा. १९९६ मध्ये आयोगापुढे उत्पादक गेले होते. पुढच्या वेळी माल घेणाऱ्यांनी जावं.